युरिया उतरला, पण ताटाचं काय?

मंडळी, ह्या विकांताला विषय जरा रुक्ष आहे. ना ट्रेक, ना सिनेमा, ना हापिसातल्या गमती. डायलिसिसचा डोस आणि पेशंटच्या पोटात जाणारी प्रथिनं, ह्या दोघांचं आपसात नक्की नातं काय, ह्याबद्दल लिहायचंय. इथे येणारे बहुतेक माझ्याच वयाचे, तिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. "आपल्याला काय करायचंय?" असं वाटणं साहजिक आहे. पण आपले आईबाबा आता साठीला टेकलेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मधुमेह आहे, बीपी आहे, आणि ह्या दोन्ही रस्त्यांवर पुढे किडनीचं स्टेशन लागतं. रिपोर्ट घरी आला की "इंजिनियर झालास ना, वाच बघू काय लिहिलंय" म्हणून तो आपल्याच हातात दिला जातो. म्हणून हा प्रपंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपण मशीनकडे जेवढं बघतो तेवढं ताटाकडे बघत नाही. आणि ज्या आकड्यावर विसंबून आपण निर्धास्त होतो, तो आकडा माणूस अर्धपोटी असतानाही छान दिसू शकतो. कधीकधी तर तो अर्धपोटी असल्यामुळेच छान दिसतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहे.

गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो. डायलिसिसचा डोस म्हणजे शरीरातलं पाणी किती धुतलं गेलं, ते. त्यासाठी खुणेला युरिया धरतात. मशीनवरचा फिल्टर (डायलायझर) एका मिनिटात किती मिलिलिटर रक्त युरियापासून पूर्ण साफ करतो, तो 'के'. मशीन किती मिनिटं चाललं, तो 'टी'. पेशंटच्या शरीरात एकूण पाणी किती, तो 'व्ही'. के गुणिले टी, भागिले व्ही. रिपोर्टवर हाच 'केटी/व्ही' म्हणून येतो. समजा फिल्टर मिनिटाला २०० मिली साफ करतोय आणि मशीन २४० मिनिटं चाललं, तर ४८ लिटर धुतले गेले. शरीरात पाणी ३५ लिटर असेल तर उत्तर १.३७. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या 'केडीओक्यूआय'च्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दर वेळचं लक्ष्य १.४ आहे आणि किमान १.२. (प्रत्यक्षात आधीचा आणि नंतरचा युरिया मोजून उलटा हिशेब करतात. युरिया ६५ टक्के उतरला म्हणजे ढोबळमानाने १.२ गाठला.)

आता गंमत बघा. शरीरातलं पाणी चरबीत फार कमी असतं, स्नायूंत भरपूर. पेशंट नीट जेवत नाहीये, दंड-मांड्या झिजतायत, आणि वर्षभरात ते ३५ लिटर ३० वर आले. मशीन तेच, फिल्टर तोच, वेळ तोच. ४८ भागिले ३० किती? १.६! रिपोर्ट सुधारला!! माणूस वाळत चाललाय आणि त्याचा डोस वाढत चाललाय.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार नवा नाही. टेस्ट कव्हरेज ऐंशी टक्क्यांवर न्यायचंय, नवीन टेस्ट लिहायला वेळ नाही, मग कुणीतरी शहाणा टेस्ट नसलेला कोडच काढून टाकतो. डॅशबोर्ड हिरवा. छेदातला आकडा कमी केला की भागाकार वाढतो, हे चौथीतल्या पोरालाही कळतं. पण रिपोर्टवर एकच आकडा छापून आला की छेदात काय होतं ते कुणी विचारत नाही. १९९९ साली ग्लेन चर्टो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डायलिसिस पेशंटांची माहिती तपासली, तेव्हा हेच समोर आलं. युरिया जास्त उतरतो तसे मृत्यू कमी होत जातात, पण अगदी टोकाच्या चांगल्या आकड्यांवर ते पुन्हा वाढतात. कारण त्या टोकाला बरेचसे कृश, कुपोषित पेशंट जमा झालेले असतात.

ही झाली छेदाची गोष्ट. खुद्द युरियाचीही एक गोष्ट आहे. युरिया येतो कुठून? प्रथिनांतून. सव्वासहा ग्रॅम प्रथिनांत साधारण एक ग्रॅम नायट्रोजन असतो, आणि तो वापरून झाला की बहुतेक युरियाच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे रक्तातला युरिया दोन कारणांनी कमी होऊ शकतो: मशीनने जास्त काढला, किंवा पेशंटने कमी खाल्लं. रिपोर्टवरचा एकटा युरिया ह्यातलं कुठलं कारण खरं हे सांगत नाही. बादलीतलं पाणी कमी झालं म्हणजे तोटी मोठी उघडली की नळालाच पाणी नाही? बादलीकडे बघून कसं कळणार?

(जाता जाता: अमेरिकन लेखांत 'बीयूएन' असतो, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब पूर्ण युरियाचा आकडा देतात, जो त्याच्या २.१४ पट असतो. जालावरचा ५० आणि रिपोर्टवरचा १०७ हे एकच आहेत. उगाच रात्रीची झोप घालवू नका.)

मग "प्रथिनं म्हणजे किडनीचा शत्रू" हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं कसं बसलं? तर ते काही अगदीच खोटं नाही. १९६३-६४ मध्ये इटलीत जोर्दानो आणि जोव्हानेत्ती ह्या डॉक्टरांनी दिवसाला जेमतेम वीसेक ग्रॅम प्रथिनांचा आहार देऊन किडनी निकामी झालेल्यांचा त्रास कमी करून दाखवला. सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० साली सतत डायलिसिस करता येईल अशी सोय नुकतीच शोधली होती, पण मशीनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्याला मशीन मिळणारच नाही त्याच्या शरीरात कचराच कमी तयार होऊ देणं, हा शहाणपणाचा उपाय होता. आजही डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यात प्रथिनं मोजूनमापून देतात. केडीओक्यूआयच्या २०२० च्या आहारविषयक सूचनांत, मधुमेह नसलेल्या आणि प्रकृती स्थिर असलेल्यांना त्या टप्प्यात किलोमागे दिवसाला ०.५५ ते ०.६ ग्रॅम आणि मधुमेह असलेल्यांना ०.६ ते ०.८ ग्रॅम असं सांगितलंय, तेही डॉक्टर-आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

पण डायलिसिस सुरू झालं की तोच कागद उलटतो. त्याच सूचनांत डायलिसिसवरच्या स्थिर पेशंटसाठी १.० ते १.२ ग्रॅम आहे. जवळजवळ दुप्पट! कारण फिल्टरला युरिया आणि अमिनो आम्लं ह्यांत फरक कळत नाही. दर वेळी सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं युरियाबरोबर वाहून जातात. शिवाय त्या चार तासांत आणि नंतरही शरीर स्वतःचे स्नायू मोडत असतं. म्हणजे कालपर्यंत जे कुपथ्य होतं ते आजपासून औषध. हा उलटा बदल घरातल्यांना नीट समजावून सांगणारं कुणी भेटलं नाही, की सगळा घोळ होतो.

आता डोस आणि प्रथिनं ह्यांच्या नात्याचा इतिहास. मला हा भाग फार आवडला, एखाद्या जुन्या बगचा माग काढल्यासारखा.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत 'नॅशनल कोऑपरेटिव्ह डायलिसिस स्टडी' झाला. पेशंटांचे चार गट: डायलिसिसची वेळ कमी किंवा जास्त, रक्तातला सरासरी युरिया कमी किंवा जास्त. १९८१ मध्ये निष्कर्ष आला की जास्त युरियाच्या गटांतले लोक जास्त आजारी पडले. सरळ अर्थ काय? युरिया कमी ठेवा, झालं काम. पण १९८५ मध्ये फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी तीच आकडेवारी पुन्हा उलगडली आणि सांगितलं, बाबांनो, नुसत्या युरियाकडे बघून चालणार नाही. किती काढला आणि किती तयार झाला हे वेगळं करा. डोस अपुरा आणि खाणंही अपुरं असेल तर युरिया कमी दिसतो, पण तो पेशंट सुरक्षित नसतो. केटी/व्ही हा आकडा खऱ्या अर्थाने प्रसिद्ध झाला तो ह्या लेखापासून. म्हणजे ज्या लेखाने हा आकडा रूढ केला त्याचा अर्धा मुद्दा खाण्याबद्दल होता! आपण आकडा उचलला आणि दुसरा अर्धा भाग विसरलो.

पुढे १९८९ मध्ये लिंडसे आणि स्पॅनोस यांनी एक आकर्षक कल्पना मांडली. डोस वाढवला की पेशंट आपोआप जास्त प्रथिनं खातो. कारण रक्त साफ झालं की मळमळ जाते, तोंडाची चव परत येते. आलेखावर खरंच दिसत होतं: एका अक्षावर केटी/व्ही, दुसऱ्यावर युरियावरून काढलेलं प्रथिनांचं प्रमाण ('एनपीसीआर' म्हणतात त्याला), आणि ठिपके छान वर चढत गेलेले.

इथे माझ्यातला इंजिनियर कान टवकारतो. हे दोन्ही आकडे येतात कुठून? त्याच पेशंटच्या त्याच रक्ताच्या नमुन्यांतून! समजा डायलिसिस संपल्यावरचा नमुना चुकीच्या पद्धतीने घेतला आणि युरिया खऱ्यापेक्षा कमी आला. मग युरिया खूप उतरला असं दिसतं, म्हणून केटी/व्ही वाढतो. आणि पुढच्या डायलिसिसपर्यंत युरिया खूप चढला असंही दिसतं, म्हणून खाल्लेली प्रथिनंही जास्त दिसतात. एक चूक, दोन्ही आकडे वर, आणि आलेखावर सुंदर संबंध. शिवाय दोन्ही आकडे शरीराच्या आकारमानाने भागलेले. समान छेद असलेली गुणोत्तरं एकमेकांवर मांडली की नसलेला संबंध दिसू लागतो, हे कार्ल पिअरसनने १८९७ सालीच लिहून ठेवलंय. आपण मात्र दर पिढीत नव्याने ठेच खातो.

ह्याचा अर्थ लिंडसे-स्पॅनोस साफ चुकले असा नाही. डोस खरंच तुटपुंजा असेल तर भूक मरते. सकाळी उठल्यापासून मळमळ, तोंडाला धातूची चव, अन्नाचा वास नको होणं. अशा माणसाला "जास्त खा" म्हणणं हा छळ आहे, त्याला आधी डायलिसिस नीट मिळायला हवं. प्रश्न असा की डोस पुरेसा झाल्यावरही वाढवत नेला तर खाणं आणि तब्येत वाढतच जाते का?

ह्याचं उत्तर आलेखातून मिळणार नव्हतं, चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी चाचणीच हवी होती. ती झाली. अमेरिकेतल्या 'हीमो' अभ्यासात १८४६ पेशंट होते. एका गटाला सरासरी १.३२ डोस मिळाला, दुसऱ्याला १.७१. २००२ मध्ये निकाल आला: एकूण मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक नाही. २००४ मध्ये पोषणाबद्दलचा वेगळा निष्कर्ष आला, तो तर आपल्या विषयासाठी जास्तच बोलका. वेळ जाईल तसं पोषण दोन्ही गटांत घसरत गेलं आणि जादा डोसने ती घसरण थांबली नाही. २००२ मध्येच मेक्सिकोत पोटातून डायलिसिस घेणाऱ्या ९६५ जणांवर 'अडेमेक्स' झाला. तिथेही डोस वाढवून आयुष्य वाढलं नाही. २०१० मध्ये आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस देऊन पाहिलं. हृदयाला फायदा झाला, शारीरिक क्षमतेबद्दल पेशंट स्वतः जे सांगत होते त्यात सुधारणा झाली, पण रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये फारसा फरक नाही. (२०२३ चा युरोपातला 'कन्व्हिन्स' अभ्यास वेगळा, त्यात मृत्यू कमी झाले, पण ते हीमोडायफिल्ट्रेशन ह्या वेगळ्या पद्धतीने, नुसता युरिया जास्त काढून नव्हे.)

तेव्हा नातं असं दिसतं: एका उंबरठ्यापर्यंत डोस आणि भूक हातात हात घालून चालतात. उंबरठा ओलांडला की मशीन आपलं काम करून मोकळं होतं, आणि पुढचा प्रश्न स्वयंपाकघराचा असतो. तो मशीनवर ढकलता येत नाही.

आता ह्या स्वयंपाकघरात जरा थांबू. माझी एक मावशी सांगली जिल्ह्यात राहते, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिसला जाते. मध्यंतरी तिचा युरिया बराच खाली आला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. मावसभावाने "पथ्य कडक पाळतोय त्याचं फळ" असं लिहिलं. पण युनिटमधल्या टेक्निशियन ताईंनी वेगळंच काहीतरी टिपलं होतं: तीन महिन्यांत मावशीचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन, दोनदा कमी करून लिहावं लागलं होतं. "काकू, जेवता ना नीट?" एवढंच त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "पथ्यातलं सगळं जेवते."

आणि पथ्यातलं म्हणजे काय? डाळ बंद, दूध-दही बंद, उसळ बंद, फळं बंद. राहिलं काय, तर भात, दुधी, पडवळ, दोन पोळ्या आणि उपासाला साबुदाणा, तोही दाण्याच्या कुटाशिवाय. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य! हे सगळं आलं होतं फ्रिजवर चिकटवलेल्या एका कागदावरून. तो कागद डायलिसिस सुरू होण्याआधीचा होता. त्या वेळी बरोबर होता. पण त्याची आवृत्ती बदलली हे कुणी सांगितलं नाही, आणि घरातल्यांनी तो दोन वर्षं इमानेइतबारे पाळला. मावसभाऊ आईसाठी जीव टाकतो, त्याला दोष देऊन काय उपयोग? जुनं डॉक्युमेंटेशन तसंच लटकत ठेवलं की प्रामाणिक माणूसच आधी फसतो.

बरं, अगदी निरोगी मराठी शाकाहारी ताट तरी कुठे पुरतं? साठ किलोच्या डायलिसिस पेशंटला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं हवीत. मोजा: चार पोळ्यांचे १२-१३ ग्रॅम, दोन वेळच्या भाताचे सातेक, पन्नास ग्रॅम कोरड्या डाळीच्या वरणाचे ११-१२, कपभर दुधाचे सहा, वाटीभर दह्याचे तीन-चार. सगळं मिळून चाळिशीच्या जरा पुढे. हे भूक चांगली असलेल्या माणसाचं. मावशीच्या ताटात ह्याच्या निम्मंही नव्हतं.

मग आहारतज्ज्ञ बाई शोधल्या, त्यांनी तासभर बसवून घेतलं. सगळ्यात स्वस्त आणि सोयीचं म्हणजे अंड्यातलं पांढरं: साडेतीन ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिनं आणि फॉस्फरस नगण्य. पण मावशीचा सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी. :-) उरलेल्या दिवशी खायला ती तयार झाली, हेच खूप. बाकीच्या दिवशी थोडं पनीर, मोजलेलं दही (तेही दिवसभराच्या पाण्याच्या हिशेबात धरून), भिजवून उकडून पाणी काढून टाकलेल्या कडधान्याची उसळ, आणि फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या आधी किंवा नंतर तासाभराने नव्हे तर जेवतानाच. डाळ परत आली, म्हणून मावशीच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो युरियाच्या आकड्याने कधी आला नव्हता.

फॉस्फरसची भीती खोटी नाही, पण तिचीही एक गंमत आहे. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असतो आणि माणसाच्या आतड्यातून तो अर्धवटच शोषला जातो. उलट कोला, प्रोसेस्ड चीज, पाकिटातले तयार पदार्थ ह्यांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषले जातात. डाळ बंद आणि पाहुण्यांबरोबर अर्धा ग्लास कोला चालू, हे पथ्य म्हणजे आगीतून फुफाट्यात. पोटॅशियमचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे माझं वाचून कुणी ताट बदलू नका, आपल्या आहारतज्ज्ञांना विचारा. ते विचारायला जा, एवढंच माझं म्हणणं.

आणि भूक न लागण्याची कारणं डोसपलीकडेही असतात. रक्तातली आम्लता वाढलेली असते, त्याने स्नायू झिजतात. बायकार्बोनेट तपासून ती सुधारता येते. कुठेतरी जंतुसंसर्ग धुमसत असतो, दात किडलेले असतात, बद्धकोष्ठता असते, मन उदास असतं, दिवसाला पंधरा गोळ्यांनीच पोट भरलेलं असतं. ह्यातलं केटी/व्हीत काहीच दिसत नाही. ताकदीचं सलाईन लावून द्या असाही आग्रह घरचे धरतात. फ्रान्समध्ये १८६ कुपोषित पेशंटांवर झालेल्या २००७ च्या एका चाचणीत सगळ्यांना तोंडाने पूरक आहार दिला आणि निम्म्यांना त्यावर डायलिसिसच्या वेळी शिरेतूनही पोषण दिलं. दोन वर्षांनी मृत्यूदरात फरक नव्हता. म्हणजे ज्याला तोंडाने घेता येतंय त्याला तोंडानेच द्यावं.

आपल्याकडे ह्या सगळ्यावर एक वेगळाच थर चढतो तो पैशाचा. वर दिलेले १.२ आणि १.४ हे आकडे आठवड्यातून तीन डायलिसिससाठी आहेत. आपल्याकडे कित्येक जण दोनदाच घेतात. खर्च असतो, एसटीचा प्रवास असतो, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांचं दोनदावर भागू शकतं, बाकीच्यांचं नाही. पण दर वेळचा केटी/व्ही १.४ छापून आला की सगळं आलबेल वाटतं. वर युरिया वाढू नये म्हणून घरचे जेवण कमी करतात. तिसरं डायलिसिस परवडत नाही म्हणून त्याची भरपाई पेशंटच्या पोटातून केली जाते, ह्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. म्हणून मला वाटतं, रिपोर्टवर केटी/व्हीच्या शेजारी मागच्या सहा महिन्यांचं ड्राय वेट, अल्ब्युमिन आणि एनपीसीआर ठसठशीत छापलेलं असावं. चार आकडे एकत्र बघितले की लपवाछपवीला जागा राहत नाही. हे करायला नवं मशीन लागत नाही, एक स्प्रेडशीट पुरते.

सरकारने मशीनची बाजू बरीच उचलली आहे, हे मान्य करायला हवं. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं. आपल्या राज्यातल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. पण चार तासांचं सेशन मोजता येतं, त्याचं बिल करता येतं. वाटीभर डाळीचं बिल कोण करणार?

तर ह्याला आपल्याच देशात उदाहरण आहे. क्षयरोगाच्या पेशंटांना औषधाबरोबर खाणंही मिळावं म्हणून एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत दरमहा ५०० रुपये थेट खात्यात जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. अन्न हा उपचाराचाच भाग आहे हे तिथे सरकारने एकदा मान्य केलंय. डायलिसिसवरच्या माणसाचे दर आठवड्याला काही ग्रॅम अमिनो आम्ल आपण स्वतःच्या हाताने नळीतून बाहेर सोडतो, त्याच्यासाठी तेच तत्त्व का लागू नये? हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तेवढ्यात चार अंडी येतात, आणि चार अंड्यांच्या पांढऱ्यात चौदा ग्रॅम प्रथिनं.